आवाज नको, नाव सांगा

आयुष्यभर मी जे जे शिकवलं ते बहुतेक सगळं बंद पडलं. मोठ्या फ्लॉप्या गेल्या, हिरव्या अक्षरांचे मॉनिटर गेले, ज्या भाषांची सर्टिफिकेटं पोरांनी लॅमिनेट करून भिंतीवर लावली होती त्या भाषाही गेल्या. आता कुणी विचारलं की, मॅडम, तुम्ही नक्की काय शिकवायचात, तर सांगायचासुद्धा कंटाळा येतो. डोक्यात एक गणित तेवढं शिल्लक आहे आणि तेही माझं नाही. ते आमच्या सरांचं. सरांनाही जाऊन आता बरीच वर्षं झाली.

सहा तारांची गिटार. तारेचा नंबर आणि पडद्याचा नंबर दिला की कॉम्प्युटरने त्या सुराचं नाव छापायचं. बस, एवढंच. उल्हासनगरला तीन नंबरच्या कॅम्पात, साड्यांच्या दुकानाच्या वर आमचा क्लास होता. चपला बाहेर काढून, पाय पुसून आत जायचं, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नाही अशी तेव्हा सगळ्यांची समजूत होती. प्रत्येक नव्या बॅचला पहिल्याच आठवड्यात सर फळ्यावर हा प्रश्न लिहायचे. समोर कोण बसलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. बारावी झालेली पोरं असत, अंबरनाथच्या कारखान्यांतले प्रमोशनच्या आशेने आलेले सुपरवायझर असत, बापाच्या दुकानाचा हिशेब कॉम्प्युटरवर घालायला पाठवलेली सिंधी मुलं असत. गिटार बहुतेकांनी फक्त सिनेमात बघितलेली. दर बॅचला एक तरी जण विचारायचाच, "सर, ये गिटार सिलॅबस में है क्या?"

"सिलॅबस में तो तुम भी नहीं हो," सर म्हणायचे. "बैठो."

गिटारच्या दांडीवर धातूच्या आडव्या काड्या बसवलेल्या असतात. सतारीला म्हणतात तसं सर त्यांना पडदे म्हणायचे. एकेक पडदा पुढे गेलं की सूर अर्ध्या पायरीने चढतो आणि बाराव्या पडद्याला पुन्हा पहिलंच नाव येतं. म्हणजे प्रत्येक तारेला एक सुरुवातीचा आकडा द्यायचा, त्यात पडदा मिळवायचा, बाराने भागायचं आणि जी बाकी उरेल तिच्यावरून नाव शोधायचं. कळलं तर चार ओळींचं काम. न कळलेली पोरं मात्र प्रत्येक तारेच्या प्रत्येक पडद्यासाठी वेगळं ‘इफ’ लिहीत बसायची आणि कॉम्प्युटरच्या आधी तीच दमायची.

त्यात सरांची एक खोड होती. कुठली तार कुठल्या सुराला लावलीय, हे ते प्रश्नात लिहीतच नसत. कुणी पुस्तकात बघून गृहीत धरलं, तर प्रोग्रॅम चालत असूनही त्यावर लाल काट मारायचे.

"सहावी तार कशाला लावलीय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सर, बुक में लिखा है."

"बुकातली गिटार बुकात. माझी मी सूर उतरवून लावली असेल. विचारलंत का? विचारायला काय जातं तुमचं?"

मग पोरगं खाली मान घालून सगळं पुन्हा लिहायला बसायचं. एकदा एका हुशार मुलाने याच्याही पुढे मजल मारली. बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत आवाज काढायची आज्ञा असते, ती वापरून त्याने प्रत्येक सूर कॉम्प्युटरकडून वाजवून घेतला. आम्ही सगळे त्याच्या मशीनभोवती जमलो, पोरी तर टाळ्या वाजवायला लागल्या. सर गर्दीतून वाट काढत आले, स्क्रीनकडे बघितलं आणि त्याला ती ओळ पुसायला लावली. "आवाज नको, नाव सांगा," ते म्हणाले. "वाजवणारे पुष्कळ आहेत." त्या मुलाचं तोंड एवढंसं झालं. मला तेव्हा सरांचा राग आला होता.

मी त्याच बॅचला होते. बी.एस्सी. होऊन बदलापूरला घरी बसले होते, लग्नाचं जमत नव्हतं, म्हणून बाबांनी क्लासला घातलं. गिटारचा आणि माझा संबंध शून्य. आमच्या घरी सूर ओळखायचा तो पेटीवरून. बाबा गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. पेटीला पांढऱ्या पट्ट्या सात आणि काळ्या पाच. कुणी गाणारा ‘काळी चार’ म्हणाला की बाबांचं बोट न बघता तिथे जायचं. सी, डी, ई असली नावं मी ऐकलीच नव्हती. मला सुराचं नाव म्हणजे काळी एक, पांढरी दोन, हेच ठाऊक. म्हणून मी चिठ्ठी लिहिली, "सर, पहिली तार पेटीच्या कुठल्या पट्टीला जुळते?" आणि बाकीच्या पाच तारांचंही तसंच विचारलं.

सरांनी चिठ्ठी वाचली, परत वाचली आणि सहाही तारांची उत्तरं खाली लिहून दिली. दुसऱ्या दिवशी माझा प्रोग्रॅम तयार होता. कॉम्प्युटरला मराठी अक्षरं येत नव्हती, तेव्हा मी पांढरीसाठी पी आणि काळीसाठी के घातला होता. सरांनी पहिली तार, चौथा पडदा असं टाकलं आणि स्क्रीनवर आलं, के ४. बाजूची पोरं फिदीफिदी हसायला लागली. असं कुठे सुराचं नाव असतं का, त्यांना वाटलं मी काहीतरी भलतंच करून ठेवलंय. सर हसले नाहीत. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "काळी चार. बरोबर." मग म्हणाले, "घरी पेटी आहे तुमच्या." तार कशाला लावलीय हे विचारणारी मी पहिलीच निघाले होते आणि तेही अडाणीपणामुळे. कोर्स संपल्यावर मला तिथेच शिकवायची नोकरी मिळाली, आणि सर माझे सहकारी झाले. त्यांना सर म्हणायचं मात्र सुटलं नाही.

सर चामटोलीला एका खोलीत एकटे राहायचे. तिथून बदलापूर स्टेशनपर्यंत सायकल. त्या सायकलच्या हँडलला दोन्ही बाजूंना स्कूटरचे मोठाले आरसे लावलेले होते. मान ताठ ठेवून, एकदा डाव्या आणि एकदा उजव्या आरशात बघत सर रस्त्याने यायचे, आणि नाक्यावरची पोरं "व्हीआयपी आला, व्हीआयपी" म्हणून मागून ओरडायची. सर शांतपणे पुढे निघून जायचे. आम्हाला वाटायचं, काय सहनशील माणूस आहे.

क्लासमध्ये ते नेहमी कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसायचे. शंका तोंडी विचारायची नाही, चिठ्ठीवर लिहून द्यायची. "बोलताना माणूस काहीही बोलतो," ते सांगायचे, "लिहिताना जरा तरी विचार करतो." हेही आम्हाला फार थोर वाटायचं. ते स्वतः मात्र अखंड बोलायचे. कारखाना, सरकार, पाणी, चहा, कशावरही. समोरच्याला तोंड उघडायची संधी म्हणून मिळायची नाही. प्रिंटर चालू असला की त्यावर तळहात ठेवून उभे राहायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. आणि सगळे हसले की तेही हसायचे, फक्त किंचित उशिरा.

एकदा क्लासची सहल बारवी धरणाला गेली होती. पोरांनी भेंड्या सुरू केल्या आणि सरांना ओढलं. सर म्हणाले, मला गाता येत नाही, पण तुम्ही कुठल्याही गाण्याचं नाव लिहून द्या. पोरांनी वहीचं पान फाडून नावं लिहिली. सर एकेक नाव वाचायचे, डोळे मिटायचे आणि गाण्याची सुरुवात पडद्यांनी सांगायचे, "तिसरी तार दुसरा पडदा, तिथून दुसरी तार मोकळी, मग पहिला." एकही सूर न काढता ते सबंध मुखडा असा सांगून टाकायचे. कुणाला पडताळून बघता येत नव्हतं, तरी सगळे थक्क झाले. तेवढ्यात मागच्या झाडाखालून जेवायला हाका सुरू झाल्या. सर उठले नाहीत. "फार विचारात असतात," कुणीतरी म्हणालं.

दुपारची बॅच सुटली की सर टेबलावर डोकं टेकवून झोपायचे ते अगदी मेल्यासारखे. चहावाला कप ठेवून जायचा, चहावर साय धरायची, तरी उठायचे नाहीत. मीही तेवढंच शिकवत होते, तेवढीच उभी राहत होते. नुसतं शिकवून माणूस एवढा कसा दमतो, मला कळायचं नाही.

ते कळलं एका शुक्रवारी. शुक्रवार म्हणजे आमच्याकडे लाइट जायचा हक्काचा वार. लाइट गेली आणि यूपीएसने टी टी करायला सुरुवात केली. तो जुना यूपीएस जेमतेम पाच मिनिटं टिकायचा, तेवढ्यात काम सेव्ह करून मशीन बंद करायची पद्धत होती. पण सरांनी सांगितल्याशिवाय फ्लॉपीला हात लावायचा नाही, असा सरांचाच नियम. सर पाठमोरे होते, फळ्यावर खिडकीचा उजेड होता, ते लिहीत राहिले. पोरं ओरडायला लागली, "सर, सेव्ह करू? सर!" मी दाराशी होते. मीही हाक मारली. सर लिहीतच होते. मग सगळे स्क्रीन एकदम काळे झाले आणि दोन तासांचं काम गेलं.

सर वळले आणि त्यांना ते काळे स्क्रीन दिसले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा निव्वळ भीती होती. लगेच सावरून म्हणाले, "मी मुद्दाम थांबलो. आपापलं सेव्ह करायची सवय नको का?" पोरांना ते पटलं, उलट सरांची हीच तर स्टाइल म्हणून ती खूश झाली. मला पटलं नाही. सरांना ऐकू येत नव्हतं.

त्यानंतर मी त्यांच्याकडे नीट बघायला लागले आणि मग सगळंच दिसायला लागलं. आरसे, भिंतीला लावलेली पाठ, चिठ्ठ्या, प्रिंटरवरचा हात. बोलणाऱ्याच्या तोंडावरून त्यांची नजर हटत नसे. दुसऱ्यांना "विचारलंत का?" म्हणून झापणारा हा माणूस स्वतः कधीही, कुणालाही, "काय?" म्हणून विचारत नसे. न कळलेल्या प्रत्येक गोष्टीला तो नुसती मान हलवायचा. विचारलं असतं तर समोरच्याला कळलंच असतं ना. मला त्यांची फार दया आली आणि आपल्याला हे माहीत आहे असं त्यांना कधी कळू द्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

क्लास ज्यांचा होता ते शेठ खालच्या साड्यांच्या दुकानात बसायचे. आठवडाभरात त्यांनी वायरमन बोलावून यूपीएसला एक मोठा लाल दिवा जोडून घेतला, फळ्याच्या अगदी डोक्यावर. मी सहज विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, वो टीटी से मेरे को सिरदर्द होता है. बत्ती अच्छी." जिना उतरता उतरता थांबले आणि हळूच म्हणाले, "साईं को मत बोलना, किसके लिए लगाया." सरांना ते साईं म्हणत. म्हणजे शेठनाही माहीत होतं. आम्ही दोघंही गप्प राहिलो.

सरांनी स्वतःहून सांगितलं ते पुढे वर्षभराने, तेही चिठ्ठीवर. "रविवारी सकाळी बाबांची पेटी घेऊन माझ्या खोलीवर येऊ शकाल का? गिटार लावायची आहे. मला वरचे सूर ऐकू येत नाहीत." तोपर्यंत मी त्यांच्याकडे गिटार कधी बघितलीच नव्हती.

क्लासच्या आधी सर अंबरनाथच्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीत गिटार वाजवायचे. दिवसा आनंदनगरला एका कारखान्यात, पत्रा दाबायच्या प्रेसच्या शेडमध्ये नोकरी आणि संध्याकाळी पार्टी. लग्नं, पूजा, कामगारांची गॅदरिंग. शेडमध्ये कानात कापूस घालणाऱ्याला बाकीचे चिडवायचे म्हणून सरांनी कधी घातला नाही. आधी घड्याळाची टिकटिक गेली, त्यांनी सांगितलं, मग पाखरं गेली, मग बायकांचं बोलणं आणि मग गिटारची पहिली तार. तेव्हा ते पार्टीला म्हणाले, आता कॉम्प्युटर शिकतोय, वेळ नाही. पार्टीतही पुढे कॅसेट आणि डीजेमुळे काही राम राहिला नव्हता.

त्या पार्टीत एक गायिका होत्या. त्यांना सगळे बाई म्हणायचे. बाई आता मुलाकडे नाशिकला कायमच्या जाणार होत्या आणि जायच्या आधी जुन्या माणसांनी एका रविवारी दुपारी अंबरनाथला शाळेच्या हॉलमध्ये शेवटचा कार्यक्रम ठरवला होता. सरांना बोलावणं आलं होतं.

"नाही म्हणून सांगा ना," मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाले.

"नाही कशाला? बोटं शाबूत आहेत. कुठल्या पडद्यावर काय आहे हे मला झोपेत विचारा."

"आणि कुणाच्या लक्षात आलं तर?"

"तेवढंच व्हायला नको आहे," सर म्हणाले. "क्लासचा सर बहिरा आहे म्हटल्यावर शेठ दुसरा सर आणतील. ते एक वेळ समजू शकतो. पण पार्टी माझी आहे. गिटारवाला बहिरा म्हटलं की लोक आधी हसतात, मग दया करतात. मला तिथे दोन्ही नको. एक दुपार मी पूर्वीसारखा वाजवणार आणि घरी येणार. बस."

शेठना सगळं माहीत आहे, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण शेठनी बजावलं होतं, आणि सरांचा चेहरा असा होता की माझ्याने बोलवेना.

कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी सकाळी रिक्षात पेटी घालून मी चामटोलीला गेले. खालच्या जाड तारा सरांनी स्वतः लावल्या, हनुवटी गिटारच्या लाकडाला टेकवून, तिथून जे काही हाडात पोहोचत असेल त्यावरून. वरच्या तारांना मी पेटीची पट्टी धरायचे आणि बोटाने खूण करायचे, अजून वर, थोडं खाली, थांबा. सहाही तारा लागल्या. मग त्यांनी वाजवून दाखवलं. इतक्या वर्षांनी हात जरा जड असतील असं मला वाटलं होतं, पण एक सूर चुकला नाही. मात्र सगळा वेळ ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. आपण कसं वाजवतोय हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरून समजून घ्यायचं होतं. मी तासभर चेहरा आनंदी ठेवला आणि घरी येऊन आडवी झाले.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही दोघं बारा वाजताच हॉलवर गेलो. मी पुन्हा एकदा तारा तपासल्या आणि पेटी स्टेजच्या मागच्या वर्गात ठेवायला गेले. त्या पाच मिनिटांत जे व्हायचं ते झालं. बाईंचा आवाज वयाने उतरला होता, म्हणून सगळी गाणी अर्ध्या सुराने खाली घ्यायची असं पार्टीने ठरवलं. आधीच्या ‘काळी दोन’ऐवजी ‘पांढरी दोन’. कॅसिओ कीबोर्डला त्यासाठी बटण असतं. ते दाबलं की बोटं नेहमीच्या जागी ठेवूनही सूर खाली मिळतो. गिटारवाल्याला मात्र सगळं एक पडदा मागे सरकवावं लागतं. कॅसिओ वाजवणारा माणूस खाली वाकून वायरी जोडत होता, तिथूनच त्याने सगळ्यांना हे सांगितलं. सरांनी मान हलवली. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

हॉल बऱ्यापैकी भरला होता. बाई पांढरी साडी नेसून आल्या, नमस्कार केला आणि पहिलं गाणं सुरू झालं. पहिल्या ओळीलाच घोळ झाला. बाई आणि कॅसिओ एका पट्टीत, सर त्याहून अर्धा सूर वर. एकाच दारातून दोघं एकदम बाहेर पडायला बघतात तसे ते सूर एकमेकांवर आदळत होते. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी दात दुखावा तसा चेहरा केला. ढोलकीवाला कॅसिओवाल्याकडे बघायला लागला. सरांची नजर स्वतःच्या बोटांवर होती. बोटं अगदी बरोबर पडत होती आणि सर खुशीत होते. इतके खुशीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मी विंगेत उभी राहून नुसती हात चोळत होते.

मुखडा संपला. मधल्या तुकड्यात बाईंनी कॅसिओवाल्याकडे बघितलं आणि माइक धरलेल्या हाताचं एक बोट वर केलं. त्याने मानेने नको म्हटलं. बाईंचा आवाज किती उरलाय हे त्याने सकाळीच ऐकलं होतं. बाईंनी बोट पुन्हा वर केलं, यावेळी जरा रागाने. त्याने बटण दाबलं. अंतरा सुरू झाला तो काळी दोनमध्ये. सगळी पार्टी उठून सरांच्या पट्टीत आली होती. चढणीच्या जागी बाईंचा आवाज फाटला, गळ्याच्या शिरा लांबून दिसत होत्या, पण त्या खाली आल्या नाहीत. मला रडू आवरेना.

सरांना ऐकू येत नव्हतं, पण दिसायला सगळं दिसत होतं. वर केलेलं बोट त्यांनी बघितलं, बटणावर गेलेला हात बघितला. बाकीचा हिशेब करायला त्यांना कितीसा वेळ लागणार? बोटं क्षणभर अडली आणि पुन्हा चालू लागली. आता ते एक पडदा मागे सरकले असते तर बाई पुन्हा एकट्या पडल्या असत्या. त्या दुपारची उरलेली सगळी गाणी बाई वरच्या पट्टीतच गायल्या आणि सर मान खाली घालून वाजवत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरची खुशी गेली होती. शेवटी टाळ्या झाल्या, शाल-नारळ झाला, दोन भाषणं झाली. लोकांना कार्यक्रम आवडला असावा.

स्टेजमागच्या वर्गात बाई थर्मासच्या झाकणातून गरम पाणी पीत होत्या. कॅसिओवाला वायरी गुंडाळत होता. मी पेटीला पट्टा बांधत होते. सर आत आले, गिटार भिंतीला टेकवली आणि बाईंसमोर उभे राहिले.

"तुला कधी कळलं?"

"काय ते?"

"उगाच आता नाटक नको. मला ऐकू येत नाही ते."

बाईंनी पाणी संपवलं. "तू पार्टी सोडलीस त्याच्याही आधी," त्या म्हणाल्या. "मागून हाक मारली तर वळायचा नाहीस. मग आम्ही पुढून येऊन बोलायला लागलो. झालं."

"आणि याला?"

"सगळ्यांनाच माहिती होतं, दादा," कॅसिओवाला त्यांच्यासमोर येऊन सावकाश म्हणाला. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कोण बोललं नाय. आज मिस्टेक माझी झाली. मी खाली मुंडी घालून बोललो, तुम्हाला तोंड दिसलंच नसणार."

सर माझ्याकडे वळले. "शेठ?"

मी मान हलवली. "लाल दिवा त्यांनी तुमच्यासाठीच लावला होता."

सर बाकावर बसले. पहिली-दुसरीच्या मुलांचा बाक होता, त्यांचे गुडघे छातीशी आले. चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत, पण त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्या माणसासारखा झाला.

"घरी गेलो की मला जेवायचंसुद्धा त्राण नसायचं," ते म्हणाले. "दिवसभर माणसांच्या तोंडाकडे बघायचं. कोण काय बोलणार याचा आधीच अंदाज बांधून ठेवायचा. कुणी हसलं की हसायचं. गप्प बसलं तर कुणी काही विचारेल म्हणून आपणच बोलत राहायचं. सगळं कशासाठी, तर कुणाला कळू नये. आणि तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मग मी इतकी वर्षं दमलो कशासाठी?"

कॅसिओवाल्याने वायर हातातच धरून ठेवली. बाई उठून खिडकीशी गेल्या होत्या. घसा पूर्ण बसला होता, शब्द नुसते हवेसारखे बाहेर येत होते.

"आम्हीपण दमलो रे," त्या म्हणाल्या. "दर वेळी वळसा घालून तुझ्या पुढ्यात यायचं आणि सहज आल्यासारखं दाखवायचं."

उतरतीचं ऊन त्यांच्या पाठीमागून येत होतं आणि चेहरा काळोखात होता. सरांनी डोळे बारीक केले, मान पुढे काढली. ते आता मान हलवतील, असं मला वाटलं.

"ऐकू नाही आलं," सर म्हणाले. "परत सांग."